थिओ व्हॅन डूसबर्ग: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

डूसबर्गबद्दल मेसेजमधून येणारे प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदाच एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे गुंता वाढत जातो. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, म्हणजे तेच तेच परत वाचायला नको.

१. हा थिओ व्हॅन डूसबर्ग नक्की कोण? पेंटर की लेखक?

दोन्ही. शिवाय कवी, संपादक, टायपोग्राफर, स्टेन्ड ग्लास डिझाइन करणारा, गावोगाव लेक्चर देत फिरणारा आणि आर्किटेक्टच्या कामात हक्काने नाक खुपसणारा. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा. गेला ७ मार्च १९३१ ला, म्हणजे जेमतेम ४७ वर्षांचं आयुष्य. आर्ट हिस्टरीच्या पुस्तकात त्याचं नाव येतं ते 'डी स्टाइल'मुळे, लाल-पिवळा-निळा आणि सरळ रेषा म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते. माझं मत विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम कुठलंही एक चित्र नाहीये, ते डी स्टाइल हे मासिक आहे. चित्रं चांगलीच आहेत, पण माणूस अंगाने संपादक होता, लोकांना गोळा करायचं, लिहायला लावायचं, मग त्यांच्याशी भांडायचं आणि परत नवे गोळा करायचे.

२. त्याचं खरं नाव वेगळंच होतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. ख्रिस्टियान एमिल मारी क्युपर असं जन्माचं नाव. थिओडोरस डूसबर्ग हे त्याचे सावत्र वडील, आणि तो त्यांनाच आपला खरा बाप मानायचा, म्हणून चित्रांवर त्यांचंच नाव लावलं आणि मध्ये 'व्हॅन' स्वतःच्या मनाने घातला. नावं घ्यायची ही हौस पुढे बरीच वाढली, त्यासाठी प्रश्न ७ बघा.

३. आर्ट कॉलेजला गेला होता का?

तसं रीतसर शिक्षण काही नाही. आधी थोडे दिवस ॲक्टिंग आणि गाणं शिकला, मग पेंटिंगकडे वळला. पहिलं प्रदर्शन १९०८ ला हेगमध्ये. १९१२ च्या आसपास तो नियतकालिकांत कलेवर लिहायला लागला आणि लिहिता लिहिता त्याचं स्वतःचं चित्र बदलत गेलं, हे उलट वाटेल पण त्याच्या बाबतीत विचार आधी आणि ब्रश नंतर असंच बऱ्याचदा दिसतं.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं. नेदरलँड्स तटस्थ होता पण सैन्य सीमेवर उभं केलं होतं, त्यात याचाही नंबर लागला आणि बेल्जियमच्या बॉर्डरजवळ त्याने दोनेक वर्षं काढली. लढाई नाही, नुसतं बसून राहायचं. पण या बसण्यातच त्याला आयुष्यभराचे दोस्त भेटले, अँटनी कॉक नावाचा रेल्वेत नोकरी करणारा कवी आणि एव्हर्ट रिन्सेमा नावाचा चपला-बूट शिवणारा कवी. आणि याच काळात, १९१५ ला, एका प्रदर्शनाचं परीक्षण लिहिताना त्याने पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराचं काम पाहिलं आणि त्या माणसाशी पत्रव्यवहार सुरू केला.

४. डी स्टाइल हा ग्रुप होता की मासिक?

मासिक आधी, ग्रुप नावापुरता. पहिला अंक ऑक्टोबर १९१७ ला लायडनमधून निघाला. सोबत मॉन्ड्रियान, विल्मोस हुझार (पहिल्या कव्हरचं डिझाइन याचं), बार्ट व्हॅन डर लेक, आर्किटेक्ट आउट आणि यान विल्स, शिल्पकार फान्टोंगरलू, आपला रेल्वेवाला कॉक, आणि थोड्या काळाने फर्निचर बनवणारा रीटफेल्ट. हे सगळे एका टेबलाभोवती बसून चर्चा करतायत असं चित्र डोळ्यासमोर आणू नका, त्यातले काही तर एकमेकांना भेटलेलेही नव्हते. सगळे धागे एकट्या डूसबर्गच्या हातात. नोव्हेंबर १९१८ च्या अंकात पहिला जाहीरनामा आला, तो एकदम चार भाषांत छापलेला, डच, फ्रेंच, जर्मन, इंग्लिश. वर्गणीदार मोजके काहीशे, आणि हा मात्र अख्ख्या युरोपशी बोलतोय अशा थाटात. आपल्याकडे लघुनियतकालिकं काढणाऱ्यांना हा थाट ओळखीचा वाटेल.

५. सरळ रेषा आणि चौकोन काढण्यात कसलं आलंय बंड?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आज हे सगळं चादरी, मग आणि मोबाइल कव्हरवर दिसतं त्यामुळे निरुपद्रवी वाटतं. पण तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की चित्रात कलाकाराच्या वैयक्तिक भावना, मूड, झाडं-डोंगर-बायका, हे सगळं बंद. जे सगळ्यांना सारखं लागू पडतं तेवढंच ठेवायचं. आणि ते चित्र भिंतीवरच्या फ्रेममध्ये अडकून न राहता घराच्या दारांवर, जमिनीच्या टाइल्सवर, अक्षरांवर, थेट रस्त्यावर यायला पाहिजे. या शेवटच्या भागामुळे खरी भांडणं झाली, कारण भिंत दुसऱ्याची असते (प्रश्न १० बघा).

दुसरं म्हणजे तो स्वतःच्याच नियमांविरुद्ध पण बंड करायचा. स्वतः उभ्या केलेल्या चळवळीची चौकट त्यानेच मोडली, ते प्रश्न ११ मध्ये.

६. ती गाय कुठे आहे हो? चित्राचं नाव 'गाय' आणि आत फक्त चौकोन, चेष्टा आहे का?

चेष्टा नाही, आणि त्याला समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. चित्राचं पूर्ण नाव 'कॉम्पोझिशन आठ (गाय)', साधारण १९१८ चं, न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) आहे, आकाराने लहानच, ३७.५ बाय ६३.५ सेंटीमीटर. नुसतं हेच बघितलं तर काहीच कळणार नाही. त्याच्या आधीची चित्रं ओळीने बघायची. आधी पेन्सिलने काढलेली साधी गाय, चरायला मान खाली घातलेली. मग तीच गाय जरा कोनात, पोट म्हणजे एक ठोकळा, मान म्हणजे दुसरा. मग पाय उभ्या पट्ट्या झाले. मग पाठीची ओळ गेली आणि फक्त वजन कुठे आहे आणि रिकामी जागा कुठे आहे एवढंच उरलं. शेवटी पांढुरक्या जागेवर सुटे सुटे रंगीत नि काळे आयत.

ही साखळी त्याने पुढे १९२५ ला बाउहाउस या जर्मनीतल्या गाजलेल्या कला-डिझाइन शाळेने छापलेल्या आपल्या पुस्तकात दिली, फोटोतल्या खऱ्या गाईपासून सुरुवात करून. थोडं शिकवणी घेतल्यासारखं आहे ते, कबूल. पण एकदा ती साखळी बघितल्यावर शेवटच्या चित्रात गाईचं जडपण जाणवतं, निदान मला जाणवतं.

७. आय. के. बोनसेट कोण? सगळीकडे त्याचा उल्लेख येतो पण फोटो-चरित्र काहीच सापडत नाही.

कसं सापडेल, तो डूसबर्गच आहे. १९२० पासून डी स्टाइलमध्ये बोनसेट नावाच्या कवीच्या विचित्र कविता यायला लागल्या. त्यात काही तर नुसत्या अक्षरांच्या, शब्दच नाहीत, फक्त व्यंजनं-स्वर ओळीने मांडलेले, म्हणायच्या कशा तर आवाजाने. बोनसेटला लोकांनी खरा माणूस समजलं. असल्या दादाइस्ट ('दादा' म्हणजे कलेतले जुने नियम आणि अर्थ यांची टर उडवणारी तेव्हाची चळवळ) वात्रटपणाशी गंभीर डी स्टाइलचं नाव थेट जोडलं जाऊ नये आणि आपल्यालाही मोकळं लिहिता यावं अशी दुहेरी सोय. जवळच्या मोजक्याच लोकांना हे माहीत होतं, बाकीच्या बऱ्याच जणांना तो गेल्यावर कळलं.

याशिवाय आल्डो कामिनी नावाचा एक इटालियन लेखकपण त्याने पैदा केला होता. म्हणजे एकाच मासिकात संपादक हा, कवी हा, आणि परदेशी तत्त्वज्ञ पण हाच. १९२२-२३ ला त्याने 'मेकानो' नावाचं वेगळं दादा मासिकही काढलं, चार अंक, पिवळा, निळा, लाल आणि पांढरा, आणि त्याचा साहित्य संपादक कोण तर बोनसेट.

८. एकीकडे गणितासारखी शिस्त आणि दुसरीकडे दादाचा धिंगाणा. माणूस दुटप्पी नव्हता का?

मला नाही वाटत. त्याच्या डोक्यात दोन्ही एकाच कामाचे भाग होते, दादाने जुनं पाडायचं आणि डी स्टाइलने नवीन बांधायचं. पाडणारा आणि बांधणारा एकच गवंडी असला तर बिघडलं कुठे. पण लोकांना ते पचलं नाही हेही खरं. सप्टेंबर १९२२ ला जर्मनीत वायमारमध्ये त्याने कन्स्ट्रक्टिव्हिस्ट (भूमिती आणि मशीनच्या शिस्तीने कला करणाऱ्या) लोकांची परिषद भरवली, लिसित्स्की, मोहोली-नॉज वगैरे मंडळी आली, आणि बघतात तर याने त्रिस्तान झारा आणि हान्स आर्प या दादावाल्यांनाही बोलावून ठेवलेलं. गंभीर मंडळी चांगलीच वैतागली.

आणि मग १९२३ चा तो हॉलंडचा दादा दौरा. सोबत जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स, पियानोवर नेली (पुढे डूसबर्गची बायको, प्रश्न १६), आणि हुझारने बनवलेली यांत्रिक नाचणारी बाहुली. जानेवारीत हेगला पहिला प्रयोग. डूसबर्ग स्टेजवर आला तो काळा शर्ट, पांढरा टाय, डोळ्याला मोनोकल आणि तोंडाला पांढरी पावडर फासून. दादा म्हणजे काय हे तो अगदी प्राध्यापकी सुरात समजावून सांगायला लागला, मध्येच जरा थांबला, आणि त्या शांततेत प्रेक्षकांत बसलेला श्विटर्स जोरात कुत्र्यासारखा भुंकला. हॉलमध्ये एकच गोंधळ. पुढच्या प्रयोगांना लोक भुंकणं ऐकायलाच यायला लागले, तर श्विटर्स एका प्रयोगात भुंकलाच नाही, नुसतं नाक शिंकरलं. उट्रेख्टमध्ये, म्हणजे डूसबर्गच्या जन्मगावी, प्रेक्षकच स्टेजवर चढले. दादा समजावून सांगायचा यापेक्षा चांगला मार्ग नसेल.

९. बाउहाउसमध्ये तो शिकवायचा ना?

नाही, आणि ही चूक बऱ्याच नोट्समध्ये असते. तो १९२१ ला वायमारला, जिथे तेव्हा बाउहाउस होतं, राहायला गेला आणि शाळेचा प्रमुख ग्रोपियस आपल्याला नोकरी देईल अशी त्याची अपेक्षा होती, ग्रोपियसने ती कधीच दिली नाही. मग याने काय करावं, तर बाउहाउसच्या अगदी नाकासमोर १९२२ ला स्वतःचा डी स्टाइल कोर्स सुरू केला, कार्ल पेटर र‍्योल नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत, आणि बाउहाउसचीच पोरं तिथे येऊन बसायला लागली. तेव्हा बाउहाउसमध्ये योहानेस इटेन या शिक्षकाचा जोर होता, श्वासाचे व्यायाम, आतल्या भावना वगैरे, आणि डूसबर्गला नेमकी त्याचीच चीड. कॉकला लिहिलेल्या पत्रात तर आपण तिथे सगळं उलटंपालटं करून टाकलंय अशी बढाई आहे.

१९२३ मध्ये इटेन गेला, मोहोली-नॉज आला आणि शाळा मशीन आणि भूमितीकडे वळली. यात डूसबर्गचा वाटा किती यावर आजही वाद आहे. एकट्याने केलं म्हणणं जास्त होईल, काहीच नाही म्हणणं पण खोटं. त्याचं पुस्तक मात्र शेवटी बाउहाउसनेच छापलं (प्रश्न ६).

१०. आर्किटेक्ट लोकांशी त्याचं सारखं का बिनसायचं?

कारण त्याला रंग हा घराचा भाग वाटायचा आणि आर्किटेक्टला वरून लावलेला वाटायचा. रॉटरडॅमच्या स्पांगेन भागात आउटने कामगारांसाठी घरं बांधली, दारं-खिडक्यांच्या रंगांची योजना डूसबर्गची. १९२१ ला आउटने काही रंग बदलायला सांगितले, तर याचं उत्तर असं की झालं तर असंच, नाहीतर काहीच नको. तिथे दोघांची दोस्ती संपली.

ड्राख्टेनची गोष्ट त्याहून मजेशीर. उत्तरेकडचं हे छोटं गाव, तिथेच तो बूटवाला रिन्सेमा (प्रश्न ३) राहायचा आणि त्याच्या ओळखीतून गावचा आर्किटेक्ट डी बूर याने डूसबर्गला काम दिलं. १६ मध्यमवर्गीय घरं, बाहेरून लाल, पिवळा, निळा, आणि समोरच्या शेतकी शाळेला हिरवा, केशरी, जांभळा. आजूबाजूला सगळा विटांचा तपकिरी रंग आणि मध्ये हे. लोकांनी लगेच नाव ठेवलं, पोपटांची वस्ती. राहणाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि थोड्याच काळात घरांचे रंग पुसून टाकले. १९८८ ला तेच रंग परत लावले आणि आता तेच गाव ते टुरिस्टना कौतुकाने दाखवतं. रहिवाशांची बाजूही मला समजते, घर त्यांचं, रंग दुसऱ्याच्या तत्त्वज्ञानाचा.

११. एका तिरक्या रेषेवरून मॉन्ड्रियानशी भांडण झालं हे खरं आहे का?

अर्धं खरं. मॉन्ड्रियानच्या मते फक्त आडवी आणि उभी रेषा, बस्स. १९२४ पासून डूसबर्गने 'काउंटर-कॉम्पोझिशन' नावाची मालिका काढली, त्यात सगळी जाळी ४५ अंशात तिरकी. त्याचं म्हणणं, आडवं-उभं हे निसर्गाचं आणि इमारतीचं आहे, माणसाची ऊर्जा तिरकी धावते, चित्राला वेग पाहिजे. १९२६ ला या विचाराला त्याने 'एलिमेंटरिझम' असं नाव देऊन जाहीरनामापण लिहिला. मॉन्ड्रियान तोपर्यंत डी स्टाइलमधून बाहेर पडला होता.

पण नुसती रेषा हे कारण धरू नका. एकाला शांतता पाहिजे होती आणि दुसऱ्याला हालचाल, एकाला आपला स्टुडिओ पुरेसा होता आणि दुसऱ्याला अख्खं शहर रंगवायचं होतं. तिरकी रेषा निमित्त झाली. पुढे काही वर्षांनी दोघांचं परत बोलणं सुरू झालं, आणि डूसबर्ग गेल्यावर निघालेल्या शेवटच्या अंकात मॉन्ड्रियानने लिहिलंही.

१२. पण मॉन्ड्रियाननेही तिरकी चित्रं काढलीत की! मग वाद कसला?

बारीक नजर आहे तुमची. मॉन्ड्रियानने तिरका केला तो कॅनव्हास, शंकरपाळ्यासारखा कोनावर टांगला. आतल्या रेषा नीट बघा, त्या आडव्या-उभ्याच आहेत. डूसबर्गचा कॅनव्हास सरळ आणि रेषा तिरक्या. संग्रहालयात गोंधळ झाला तर एवढी एक खूण पुरते.

१३. ती प्रसिद्ध लाल-निळी खुर्ची त्याचीच ना?

नाही, ती रीटफेल्टची. आणि सुरुवातीला ती रंगीतही नव्हती, साध्या लाकडाचीच होती, रंग काही वर्षांनी आले. डूसबर्गने तिचा फोटो १९१९ ला मासिकात छापला आणि ती गाजली. उट्रेख्टचं श्र्योडर हाउसपण रीटफेल्टचंच.

१४. त्याची एखादी अख्खी इमारत किंवा खोली आज बघायला मिळते का?

स्ट्रासबर्गला जा. प्लास क्लेबेर चौकात ओबेट नावाची अठराव्या शतकातली मोठी इमारत आहे. तिथे कॅफे-रेस्टॉरंट-डान्स हॉल करायचं ओर्न बंधूंनी ठरवलं, काम हान्स आर्प आणि सोफी टॉयबर-आर्पकडे आलं आणि त्यांनी १९२६ ला डूसबर्गला बोलावलं. त्याच्या वाट्याचा सिनेमा-डान्स हॉल म्हणजे भिंती आणि छतावर उठावदार तिरके रंगीत चौकोन, माणूस चित्राच्या समोर नाही, आत उभा. ॲशट्रेपासून पाट्यांच्या अक्षरांपर्यंत सगळ्यात त्याने लक्ष घातलं. फेब्रुवारी १९२८ ला उघडलं, आणि गिऱ्हाइकांना काही आवडेना. मालकांनी लगेच इकडे तिकडे बदल सुरू केले, दहाएक वर्षांत सगळं झाकलं गेलं. डूसबर्गला हे फार लागलं. बऱ्याच वर्षांनी दुरुस्ती सुरू झाली आणि २००६ पर्यंत पहिल्या मजल्यावरच्या खोल्या परत मूळ रूपात आल्या.

दुसरं म्हणजे पॅरिसजवळ म्योदोंला त्याने स्वतःसाठी बांधलेलं घर-स्टुडिओ, १९२९-३० चं. ते आता कलाकारांच्या रेसिडेन्सीसाठी वापरतात.

१५. काँक्रीट आर्ट म्हणजे सिमेंटची कला का?

सिमेंटशी संबंध नाही. १९३० ला पॅरिसमध्ये चार मित्रांबरोबर त्याने 'आर काँक्रे' नावाचं मासिक काढलं, निघाला एकच अंक. मुद्दा असा की रेषा, रंग आणि पृष्ठभाग यांच्याइतकं ठोस जगात काही नाही, मग अशा चित्राला अमूर्त कशाला म्हणायचं? गाय अमूर्त करत करत चौकोनापर्यंत जाणं वेगळं (प्रश्न ६) आणि मुळातच चौकोनापासून सुरू करणं वेगळं, हा फरक इथे कळतो. याचं उदाहरण म्हणजे 'अंकगणिती कॉम्पोझिशन': कोनावर उभे काळे चौकोन एका कर्णावर, प्रत्येक पुढचा आधीच्याच्या निम्म्या बाजूचा. एकदा नियम कळला की चित्र डोक्यात आपोआप पुढे चालू राहतं, कॅनव्हास संपला तरी. पुढे स्विस आणि ब्राझिलियन काँक्रीट कलाकारांपर्यंत हा धागा गेला.

१६. नेली व्हॅन डूसबर्ग फक्त बायको म्हणून माहीत आहे, तिचं स्वतःचं काही?

भरपूर. मूळची पेट्रोनेला व्हॅन मूर्सेल, शिकलेली पियानिस्ट, कॅथलिक घर सोडून याच्याबरोबर आली, लग्न १९२८ ला (त्याआधी थिओची दोन लग्नं झालेली, आग्निता फाइस आणि लेना मिलिउस यांच्याशी). दादा दौऱ्यात स्टेजवर ती होती, स्वतः क्युपेरा या नावाने चित्रंही काढली. तो गेल्यावर १९७५ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, तिने कागद, पत्रं, चित्रं सांभाळली, प्रदर्शनं घडवली. १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये मैत्रीण पेगी गुगेनहाइमच्या गॅलरीत डूसबर्गचं प्रदर्शन झालं ते तिच्यामुळेच.

१७. कशाने गेला, आणि डी स्टाइल त्याच्याबरोबरच संपलं का?

तब्येत खालावली होती, उपचारासाठी स्वित्झर्लंडला दाव्होसला गेला आणि तिथे हृदयविकाराने गेला. म्योदोंच्या नव्या घरात राहून काही महिनेच झाले होते. गंमत म्हणजे त्याआधी महिनाभरच, फेब्रुवारी १९३१ ला, त्याच घरात 'आब्स्त्राक्सियाँ-क्रिएशियाँ' या नव्या गटाची तयारी चालू होती, म्हणजे शेवटपर्यंत माणसं गोळा करणं सुटलं नव्हतं. जानेवारी १९३२ ला नेलीने त्याच्या आठवणीचा एक अंक काढला आणि मासिक बंद झालं. दुसरा संपादक नेमायचा विचार कोणी केला नाही, करणार तरी कोणाचा.

१८. टी-शर्टवर किंवा कॉलेजच्या मासिकाच्या कव्हरवर त्याचं चित्र छापलं तर चालेल का?

भारतात कलाकार गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो, युरोपात ७०. तो १९३१ ला गेला, त्यामुळे दोन्हीकडे केव्हाच मुदत संपलीय. बोनसेटच्या नावाने लिहिलेलं पण त्यातच आलं, कारण माणूस एकच. दोन ठिकाणी मात्र जपून. एक, संग्रहालयाच्या वेबसाइटवरचा फोटो घेताना त्यांच्या अटी वाचा, बरेच जण मोफत देतात, सगळे नाही. दोन, अमेरिकेत विकायचं असेल तर तिथले नियम वेगळे आहेत, ते आधी तपासा. आणि तिरकं चित्र जागेत बसत नाही म्हणून सरळ फिरवून छापू नका, असं केलेलं एक कव्हर मी बघितलंय.